बांबूची खुंटी

टोक्योमध्ये उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयात तलवारींचं दालन आहे. तिथे गेलात तर आधी तलवारींकडे बघू नका, बघणाऱ्यांकडे बघा. सत्तरी ओलांडलेले एखादे आजोबा काचेपुढे गुडघ्यांवर हात टेकून अर्धवट खाली बसतात, तसेच एक पाऊल डावीकडे सरकतात, मान तिरकी करतात, उठतात, पुन्हा बसतात. शेजारी कॉलेजातली एखादी मुलगी तेच करत असते. दोघांची ओळख ना पाळख. लांबून वाटावं, मास्तरांनी उठाबशांची शिक्षा दिली आहे.

पहिल्यांदा गेले तेव्हा मला हसू आवरेना. मी आपली ताठ उभी राहिले आणि 'मिकाझुकी मुनेचिका' पाच मिनिटांत बघून मोकळी झाले. मिकाझुकी म्हणजे चंद्रकोर. क्योतोच्या सांजो भागातल्या मुनेचिका नावाच्या लोहाराची ही तलवार हेइआन काळातली, म्हणजे आठशे वर्षांहून जुनी. लांबी ८० सेंटिमीटर, अंगाला नाजूक बाक. 'आभाळाखालच्या पाच तलवारी' म्हणून जपानी लोक ज्या मोजतात त्यांतली ही एक. मला काय वाटलं? चकचकीत आहे, चांगली जपली आहे. चंद्रकोर कुठेच दिसली नाही. आणि हे मत पुण्यात चार वर्षं मेटलर्जी शिकलेल्या बाईचं.

काचेतली तलवार हलत नाही, वरचा दिवाही हलत नाही. पोलादातली नक्षी मात्र उजेड ठरावीक कोनातून आला तरच दिसते. तलवार हातात असती तर आपण ती फिरवली असती. इथे ती फिरत नाही, म्हणून आपण फिरायचं. पुढच्या खेपेला मी लाज सोडून गुडघे वाकवले. धारेच्या कडेनं आधी एक बारीकशी कोर उजळली, मग तिच्यामागे दुसरी, आणि मी जरा उठले तर दोन्ही विझल्या. आता मीही इमानेइतबारे उठाबशा काढते.

आमच्या गावी, रत्नागिरीकडे, पावसाळ्याआधी कोयते लोहाराकडे जायचे. नेणाऱ्याला आजी बजावायची, "पाणी नीट द्यायला सांग हो त्याला." कोयत्याला तहान लागते अशी माझी समजूत होती. पाणी देणं म्हणजे तापून लाल झालेलं पातं पाण्यात बुडवणं, एवढं पुढे कळलं. मराठीत आपण पाणीदार तलवार म्हणतो, माणसाचंही पाणी जोखतो. हे शब्द मी जन्मभर वापरले, पण तलवारीचं पाणी डोळ्यांनी बघायची गोष्ट आहे हे कळायला मला जपानात यावं लागलं.

जपानी लोहार पाणी देण्याआधी पात्यावर मातीचा लेप देतो. पाठीकडे जाड, धारेकडे अगदी पातळ. मग भट्टीचा रंग नीट दिसावा म्हणून अंधार करतो, पातं साडेसातशे-आठशे अंशांपर्यंत तापवतो आणि एका झटक्यात पाण्यात घालतो. धारेवरची माती पातळ, त्यामुळे ती क्षणात थंड होऊन टणक होते. पाठ लेपाखाली सावकाश निवते, म्हणून मऊ आणि चिवट राहते. दोन्हींच्या सीमेवर जो पांढुरका, धुक्यासारखा पट्टा उमटतो, तो 'हामोन'. हेच ते पाणी. लोहारानं माती जशी लावली असेल तशी त्याची रेघ उठते: सरळ, लाटांची, दातेरी.

कॉलेजात या टणक पोलादाला आम्ही मार्टेन्साइट म्हणायचो, आडोल्फ मार्टेन्स या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून. परीक्षेत टीटीटी आलेख, म्हणजे पोलाद किती वेगानं निवलं की त्याचं काय होतं ते दाखवणारा, काढायचा, बाण दाखवायचे, दहा मार्क. मार्टेन्साइट होताना पोलाद किंचित फुगतं हे मी किमान चार वेळा लिहिलं असेल. पण जपानी तलवारीचा तो सुंदर बाक या फुगण्यातून येतो हे कुणी सांगितलं नव्हतं. पाण्यात शिरताना पातं जवळजवळ सरळ असतं. धार आधी थंड होते आणि आकसते, त्यामुळे पातं क्षणभर पुढे, धारेच्या बाजूला, झुकतं. मग धारेचं मार्टेन्साइट होतं, ती फुगते आणि पातं उलट्या दिशेला, पाठीकडे, वळतं. हा सगळा तमाशा पाण्याखाली काही सेकंदांत होतो. लोहाराला हा बाक आधीच मनात धरून पातं घडवावं लागतं. अंदाज चुकला तर धारेला आडवी चीर जाते आणि कित्येक दिवसांची मेहनत भंगारात.

हे सगळं मी वाचून आणि काचेतून शिकले. तलवार हातात आली ती काचोंमुळे.

काचो म्हणजे सेक्शन चीफ. माझे जुने साहेब. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी मी त्यांना काचोच म्हणते, आणि त्यांनाही ते आवडतं असा माझा संशय आहे. एकदा गप्पांत मी उएनोच्या उठाबशांचं सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "आमच्या घरी एक आहे. फार भारी नाही. पण बसून बघता येईल."

सायतामातल्या त्यांच्या घरी तातामीच्या, म्हणजे जाड गवती चटयांच्या, खोलीत खाली जाड कापड अंथरलेलं होतं. बाजूला एक दिवा, मुद्दाम साधा पिवळा बल्ब लावलेला. काचोंनी तलवार आडवी धरून कपाळाच्या उंचीपर्यंत नेली आणि वाकून नमस्कार केला. मला खंडेनवमी आठवली. माझे वडील एसटीच्या वर्कशॉपात होते. त्या दिवशी पाने, कानशी, हॅकसॉ सगळं पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचे, आणि व्हर्नियर कॅलिपरला कुंकू लागू नये म्हणून त्याच्यापुढे नुसतं झेंडूचं फूल. मीही वाकले. मग नियम सांगितले गेले. धार वर ठेवूनच म्यानातून काढायची. पात्याला बोट लावायचं नाही, घामानं गंज चढतो. पात्याच्या वर तोंड असताना बोलायचं नाही, थुंकीचा एक कण पुरतो. पाहून झालं की दुसऱ्याच्या हातात न देता खाली ठेवायची, मग त्यानं उचलायची. आणि अंगठी काढा, म्हणाले. मी अंगठी काढली, बांगडीही काढली.

काचोंची तलवार ६२ सेंटिमीटरची. मूठ काढल्यावर तिच्या आतला भाग, जपानीत 'नाकागो', तो आखूड निघाला, कारण ही एका हातानं चालवायची तलवार. नाकागोवर एका बाजूला सहा अक्षरं कोरलेली: बिशू ओसाफुने सुकेसादा. दुसऱ्या बाजूला तारीख, दाइएइ ६, आठवा महिना. म्हणजे १५२६. मी मनात हिशेब केला: पानिपतचं साल. पानिपत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे १७६१ येतं, पण हे पहिलं, बाबर आणि इब्राहिम लोदीचं. ते एप्रिलमध्ये झालं, आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतर हे पातं तयार झालं.

ओसाफुने हे गाव आजच्या ओकायामा प्रांतात, पूर्वीच्या बिझेनमध्ये, योशिइ नदीच्या काठी. डोंगरातून लोखंडाची वाळू यायची, कोळशाला जंगल होतं, माल न्यायला नदी. काही शतकं जपानातल्या सगळ्यात जास्त तलवारी इथल्या ऐरणींवर घडल्या. यादवीच्या काळात मागणी एवढी वाढली की सुकेसादा हे एका माणसाचं नाव न राहता जवळजवळ छापच झालं. जाणकारांची एक खूण आहे. खास कुणासाठी घडवलेली तलवार असेल तर 'बिझेन नो कुनि जू ओसाफुने', मग लोहाराचं स्वतःचं नाव, मग 'सुकेसादा साकु' अशी ऐसपैस सही असते. घाऊक मालावर 'बिशू ओसाफुने सुकेसादा' एवढंच. काचोंनी हे मला हसत हसत सांगितलं. "रेडिमेड शर्ट आहे," म्हणाले. "शिंप्यानं माप घेतलेलं नाही."

मी रेडिमेड शर्ट दिव्यापुढे धरला.

पहिल्यांदा बल्बचंच प्रतिबिंब दिसलं. काचोंनी माझं कोपर एक बोट खाली केलं. धारेच्या कडेनं धुकं उठलं, आणि त्या धुक्यात एकामागोमाग एक दुहेरी टोकं, आतल्या बाजूला वळलेली. कुठे तरी पाहिलेला आकार. काचो पात्यापासून तोंड बाजूला करून म्हणाले, "कानि नो त्सुमे." खेकड्याची नांगी. खरंच की! पहिल्या पावसात आमच्या अंगणात चढून येणाऱ्या खेकड्यांच्या नांग्या, ओळीनं, पोलादात. पुस्तकांमध्ये त्या काळच्या बिझेनची ही ओळख म्हणून दिलेली असते. पण कोकणातल्या माणसाला ती पाठ करावी लागत नाही.

अजून जरा फिरवल्यावर धारेच्या वरचा भाग बोलू लागला. तिथे रंधा मारलेल्या फळीवर दिसतात तशा रेषा होत्या, गाठीसुद्धा. पोलाद घडी घालून घालून ठोकल्याच्या या खुणा. घड्यांबद्दल इंटरनेटवर अचाट गोष्टी चालतात, हजार घड्या आणि लाख घड्या. लोहार साधारण दहा ते पंधरा घड्या घालतो. दहा घड्यांत थर १,०२४ होतात आणि पंधरांत ३२,७६८, शाळेतलं गणित. कच्च्या पोलादात कार्बन एकीकडे जास्त, दुसरीकडे कमी असतो, मधे मळी असते. घडी घातली की मळी ठिणग्यांबरोबर उडते आणि कार्बन सारखा होतो. प्रत्येक घडीला थोडं पोलाद जळून जातं, म्हणून उगाच जास्त घड्या कुणी घालत नाही. पोळीचं पीठ फार तिंबलं तर जे होतं तेच.

कच्चं पोलाद म्हणजे 'तामाहागाने'. तेही आता एकाच ठिकाणी नेमानं होतं, शिमाने प्रांतात ओकुइझुमो इथे. युद्धानंतर ही मातीची भट्टी विझली होती. तलवारी जपणाऱ्या संस्थेनं ती १९७७ मध्ये पुन्हा पेटवली, आणि आता हिवाळ्यात तिथे तीन दिवस, तीन रात्री भट्टी चालते. सुमारे १० टन लोहवाळू आणि १२ टन कोळसा थोडा थोडा करून घालायचा, झोप नाही, आणि शेवटी भट्टी फोडून अडीच टनांचा एक ओबडधोबड गोळा बाहेर काढायचा. त्यातला निवडक भाग तलवारीच्या कामाचा. देशभरातल्या परवानाधारक लोहारांना तो वाटला जातो. त्यांनाही महिन्याला दोनच लांब तलवारी करायची मुभा आहे. भट्टीची देवता कानायागो. ती स्वतः बाई, पण तिला भट्टीपाशी बायका चालत नाहीत अशी जुनी समजूत. आमच्या वर्गात साठ मुलगे आणि चार मुली होतो. वर्कशॉपच्या फाउंड्रीत फोरमन आम्हाला "मॅडम, तुम्ही लांबून बघा" म्हणायचे. कानायागोचा पुण्याशी काही संबंध नसावा, पण फोरमनचा तिच्याशी होता.

काचोंच्या तलवारीत दोष आहेत. एका ठिकाणी पोलाद ठोकताना हवा अडकून आलेला फोड, वाटाण्याच्या डाळीएवढा. दुसरीकडे घडी नीट न सांधल्याची बारीक फट. घाऊक माल, घाई झालेली दिसते. पाठीवर मात्र, टोकापासून वीतभर अलीकडे, एक खाच आहे. तिरपी, खोल, स्वच्छ कापलेली. मला वाटलं हाही दोष, मी तसं म्हटलंही. काचोंनी मान हलवली. "किरिकोमि."

समोरच्याची तलवार या पाठीवर आदळली, तिची ही खूण. म्हणजे ही धरणाऱ्यानं वार धारेवर न घेता पाठीवर घेतला. पाठ मऊ, तिनं मार सोसला आणि पातं तुटलं नाही. जे आम्हाला आलेख काढून शिकवलं त्याचा पुरावा पाचशे वर्षांपूर्वी कुणी तरी जिवावर उदार होऊन दिला होता. धरणारा वाचला का, ते खाचेत लिहिलेलं नाही. जाणकार ही खाच भरत नाहीत, घासून काढत नाहीत. फोड म्हणजे लोहाराची चूक, तलवारीची किंमत कमी. किरिकोमि कुणाचीच चूक नाही, म्हणून ती ठेवायची.

इथे मला जरा अडखळायला झालं, ते लपवत नाही. ही कलाकुसर माणूस मारण्यासाठीच होती. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, तर तलवारीची परीक्षा देहदंड झालेल्या गुन्हेगारांच्या प्रेतांवर घेत. किती देह एका वारात तुटले ते नाकागोवर सोन्याच्या अक्षरांत बसवत. 'दोन देह तुटले' अशी सोनेरी सही असलेली तलवार मी काचेत पाहिली आहे. अक्षर फार सुरेख होतं. त्या दिवशी मी उठाबशा काढल्या नाहीत.

काचोंच्या खाचेबद्दल तसं वाटलं नाही. का, ते मला नीट सांगता येत नाही. मार दिल्याची नाही, खाल्ल्याची खूण आहे म्हणून असेल.

आपण संग्रहालयात बघतो ती तलवार लोहाराइतकीच 'तोगिशी'ची असते. तोगिशी म्हणजे धार लावणारा म्हटलं तर त्याचा अपमान होईल. बुटक्या चौरंगावर बसून, सहाण पायाखाली दाबून, तो सात-आठ प्रकारचे दगड एकापाठोपाठ एक वापरतो. आधीच्या दगडाचे पडलेले ओरखडे पुढचा काढतो आणि स्वतःचे बारीक ओरखडे ठेवतो. शेवटी अंगठ्याच्या नखाएवढी दगडाची कपची, मागे कागद चिकटवलेली, अंगठ्याखाली धरून पात्यावर फिरवायची. दिवसेंदिवस. ते धुकं, त्या नांग्या, ती चंद्रकोर पोलादात होतीच, पण दिसते ती या अंगठ्यामुळे. या कामात होन्आमि घराण्याचा दबदबा असा की त्यांनी पारखून घडीच्या कागदावर दिलेल्या दाखल्यावरून जपानीत 'ओरिगामी-त्सुकी' हा शब्दच पडला, आपल्या 'बावनकशी'सारखा. आज तो माणसालाही लावतात, लोणच्यालाही. तलवारीनं जपानी भाषेला असं पुष्कळ दिलं आहे. नवराबायकोचं किंवा सासूसुनेचं जमत नसेल तर 'बाक जुळत नाही' म्हणतात, कारण एका तलवारीचा बाक दुसऱ्या म्यानात जात नाही. आपल्या एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, त्यांच्या एकीचंही जमत नाही.

पण प्रत्येक पॉलिशला पातं किंचित झिजतं. शतकानुशतकं घासल्यावर वरचं कडक कवच संपून आतलं मऊ, निस्तेज पोलाद वर येतं. अशा तलवारीला 'थकलेली' म्हणतात. म्हणून काचो गेली चाळीस वर्षं पॉलिशचं नाव काढत नाहीत. नाकागोला तर कुणीच हात लावायचा नाही. त्यावरचा काळसर-तपकिरी गंज जसाच्या तसा राहू द्यायचा, वय त्यावरूनच ओळखतात. हौसेनं तो घासून लख्ख केला की तलवार वाया गेली. आपल्याकडे जुन्या देवळांच्या दगडांना ऑइलपेंट फासतात, ते मला आठवलं आणि मी विषय बदलला.

ही तलवार वाचली कशी हेही नवल आहे. १५८८ मध्ये जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी यानं हुकूम काढला: शेतकऱ्यांनी हत्यारं जमा करावीत, त्यांचे क्योतोच्या महाबुद्धाच्या बांधकामाला खिळे आणि पट्ट्या करू, पुण्य लागेल. गंमत म्हणजे त्याच वर्षी आपल्या गोव्यात पोर्तुगीज व्हाइसरॉय दुआर्ते दि मेनेझिसनं या हिदेयोशीला चर्मपत्रावर नक्षीदार पत्र लिहिलं आणि सोबत भेटी धाडल्या, त्यात चिलखतं, घोडे आणि तलवारी. १५९१ मध्ये वालिन्यानो या जेझुइट पाद्र्यानं ते क्योतोत हिदेयोशीच्या हाती दिलं. पत्र आजही क्योतोच्या म्योहो-इन मठाकडे आहे, जपानचा राष्ट्रीय ठेवा म्हणून. रयतेच्या तलवारी गोळा करणाऱ्याला मांडवीच्या काठावरून तलवारी गेल्या! त्याच पोर्तुगीजांना आपण फिरंगी म्हणालो आणि त्यांच्याकडून आलेल्या सरळ पात्यांनाही फिरंग म्हणालो. जपान्यांनी त्यांना 'नानबान', दक्षिणेचे रानटी, म्हटलं आणि परदेशी लोखंडाला नानबान लोखंड. एचिझेनच्या यासुत्सुगू या लोहारानं तर ते वापरल्याचं सहीबरोबर अभिमानानं कोरलं आहे. शुद्ध देशी वगैरे गोष्टी नंतरच्या. कामाच्या माणसाला चांगलं लोखंड हवं असतं.

पुढे १८७६ मध्ये कमरेला तलवार लावून फिरायलाच बंदी आली. आणि १९४५ मध्ये युद्ध हरल्यावर सगळ्याच तलवारी जमा करा असा फतवा निघाला. तोकुगावा घराण्याची 'होन्जो मासामुने' मेजिरोच्या पोलीस ठाण्यात जमा झाली, तिथून अमेरिकी सैन्याकडे गेली, आणि आजतागायत पत्ता नाही. टोक्योच्या आकाबाने इथल्या लष्करी डेपोत तलवारींचे ढीग पडले होते. होन्मा जुन्जी या अभ्यासकानं कॅडवेल नावाच्या अमेरिकी कर्नलला पटवलं की ह्यांतल्या चांगल्या तलवारी ही शस्त्रं नाहीत, कला आहे. डेपोतल्या साडेपाच हजारांच्या आसपास तलवारी निवडून परत मिळाल्या. बाकीच्यांचं काय झालं ते भंगारवाल्यांना ठाऊक.

काचोंच्या आजोबांकडे तीन होत्या. दोन, चांगल्या दोन, त्यांनी पोलिसांत नेऊन दिल्या. त्यांना वाटलं, चांगल्या दिल्या की तिसरीची चौकशी होणार नाही. ही रेडिमेड तिसरी माळ्यावर तांदळाच्या पेंढ्यात राहिली. १९५१ मध्ये नोंदणी सुरू झाल्यावर काचोंचे वडील ती घेऊन गेले. नोंदणीचा तो पिवळट कागद काचोंनी मला दाखवला: लांबी, बाक, खुंटीची भोकं एक, सही अशी अशी. तलवार कुठेही गेली की हा कागद बरोबर. परवाना माणसाला नसतो, तलवारीला असतो, आणि तो देतं प्रांताचं शिक्षण मंडळ. मला हे फार आवडलं. शाळांचे निकाल लावणारं खातं तलवारींचीही हजेरी घेतं.

मध्यंतरी ओसाफुने ज्या सेतोउची शहरात येतं त्यानं 'सान्चोमो' ही उएसुगि केन्शिन या सरदाराकडे असलेली तेराव्या शतकातली तलवार विकत घेतली. हे नाव यामादोरी या रानपक्ष्याच्या पिसांवरून आहे, तिचं पाणी तसं पेटलेलं दिसतं. घडली होती तिथल्याच परिसरात. किंमत ५० कोटी येन, आणि शहराची वस्ती चाळीस हजारांच्याही आत. देशभरच्या लोकांनी पैसे पाठवले आणि २०२० मध्ये तलवार माहेरी आली. मी ती अजून पाहिलेली नाही. बघेन, उठाबशाही काढीन. पण माझं मन त्या रेडिमेडवर बसलं आहे, आता काय करणार.

पाहून झाल्यावर काचोंनी मऊ कागदानं जुनं तेल पुसलं आणि लहानशी बाटली उघडली. खोलीभर वास आला आणि मला थेट आजीच्या दुखऱ्या दाढेची आठवण झाली. लवंगेचं तेल! 'चोजी-आबुरा', चोजी म्हणजे लवंग. हल्लीच्या बाटल्यांत बरंचसं खनिज तेल असतं, लवंग वासापुरती. पण चाल जुनी आहे, आणि लवंगेचा प्रवास त्याहून जुना. नाराच्या शोसोइन भांडारात आठव्या शतकापासून जपलेल्या वस्तूंमध्ये समुद्रापलीकडून आलेल्या लवंगाही आहेत. बिझेनच्या जुन्या तलवारींवर पाण्याची रेघ लवंगेच्या कळ्यांसारखी येते, तिलाही चोजीच म्हणतात. आणि त्या धुक्याला 'निओइ' म्हणतात, ज्याचा आजच्या जपानीत अर्थ आहे वास. डोळ्यांनी बघायच्या वस्तूला नाव वासाचं. मी काचोंना विचारलं, का? ते म्हणाले, "जवळ गेल्याशिवाय येत नाही म्हणून असेल." हे त्यांचं, भाषाशास्त्राचं नाही.

म्यान साध्या लाकडाचं, मॅग्नोलियाच्या जातीच्या होनोकीचं. दोन फळ्या आतून कोरून जोडलेल्या, आणि जोडायला भाताच्या शितांची खळ. आम्ही पतंग आणि पाकिटं चिकटवायचो तीच. सरस का नाही? कधी आत गंज लागला तर म्यान उकलून साफ करता यायला हवं, आणि शितं सुटतात. पाचशे वर्षांचं पोलाद आणि त्याचं घर उरलेल्या भातानं चिकटवलेलं.

तसंच मुठीचं. पातं मुठीत धरून ठेवायला स्क्रू नाही, रिव्हेट नाही. बांबूची एक निमुळती खुंटी, 'मेकुगि', आरपार ठोकलेली. सगळा भार तिच्यावर. त्या दिवशी काचोंनी मूठ बसवली, खुंटी घातली आणि कपाळाला आठी घातली. खुंटी सैल होत होती. चाळीस वर्षं तीच होती म्हणाले. उठून आत गेले आणि जुन्या घराच्या चुलीवरच्या धुरानं काळ्या पडलेल्या बांबूचा एक तुकडा, एक छोटा सुरा आणि एक कानस घेऊन आले.

बांबूची सालीकडची बाजू कठीण असते, ती राखून बाकी तासायचं. त्यांनी वीतभर तासलं आणि मग कानस माझ्यापुढे केली. "तुम्ही इंजिनिअर ना."

वडिलांनी शिकवलं होतं तसं कानस पुढे नेताना दाब, मागे आणताना उचल. घालून पाहिलं, अर्धी गेली. पुन्हा घासली. पाऊण गेली. काचो कान देऊन आवाज ऐकत होते. अजून जरासं, म्हणून मी तीन-चार हात मारले, आणि खुंटी भोकात सरळ आरपार गेली, पलीकडून कापडावर पडली.

"जास्त झालं," मी म्हटलं.

काचोंनी बांबूचा तुकडा उचलून उजेडात धरला, अजून किती उरलाय ते पाहिलं, आणि सुरा हातात घेतला.